आई घरी आहे, हालचाल नाही

आईनं भोपाळलाच राहायचं की पुण्याला जायचं, हे ठरवायचं काम आमच्या घरानं एका डब्याकडे सोपवलं होतं. आज मी हे हसत लिहिते आहे. पण तेव्हा मी, माझा धाकटा भाऊ आणि एक दुकानदार, असे तीन शहाणे लोक त्या डब्याकडे ज्या गंभीरपणे पाहत होतो ते आठवलं, की मला आमच्या शिक्षणाची लाज वाटते.

झालं असं, की थंडी सरता सरता आई न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. पाऊण तास ती तिथंच बसून राहिली आणि बसल्या बसल्या तिनं दोन बादल्या आणि नळाखालची फरशी घासून काढली. का, तर ‘एरवी वाकणं होत नाही, आता आयतीच खाली होते.’ मग कशीबशी उठली. हे सगळं तिनं आम्हाला चार दिवसांनी सांगितलं, तेही कोबीच्या भाजीबद्दल बोलता बोलता.

आई तेव्हा ऐंशीला टेकलेली. बाबा वारल्यापासून कोलार रोडच्या घरात एकटी. माझं घर शिवाजी नगरच्या बाजूला, वीस-पंचवीस मिनिटांवर, पण तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझ्याकडे यायचं तर आईला प्रत्येक मजल्यावर खुर्ची लागते. भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं फोनवरच निकाल देऊन टाकला, की आता आई पुण्याला.

आई म्हणाली, “मी नाही येत बाप्पा. तिथं मला मराठी बोलता येत नाही.”

यात थट्टा नव्हती. आई जन्मानं नागपूरची, आणि लग्न होऊन आली ती साठेक वर्षं भोपाळची. ‘चाय उकळून राहिली, गॅस बंद कर ना’ ही तिची मराठी. मागे दोन महिने ती पुण्याला राहून आली तेव्हा नातवंडं तिच्या प्रत्येक वाक्याला हसत, आणि सोसायटीतल्या बायका तिला ‘तुम्ही मूळच्या हिंदी का?’ असं प्रेमानं विचारत. त्या दोन महिन्यांत तिचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते गेटवरच्या वॉचमनशी. तो आमच्या मध्य प्रदेशातल्या रीव्याकडचा निघाला होता.

मग तडजोड निघाली. भावानं आईचं घर ‘स्मार्ट’ करायचं. दिवाळीपर्यंत सगळं नीट चाललं, आई बरी आहे हे त्याला पुण्यात बसून दिसत राहिलं, तर ती इथंच राहील. नाही चाललं, तर तिकीट. मला यात कोणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. धाकटा ठरवतोय ना, ठरवू दे, असं मला बरंच सोयीचं वाटलं.

जूनमध्ये पुण्याहून खोकं आलं. त्यात दिवे होते, प्लग होते, दाराला लावायची चुंबकाची जोडी होती, आणि कोण हललं ते टिपणारे चार पांढरे डोळे होते. मी राज्याच्या वीज खात्यात मीटर तपासण्यात तीस वर्षं घालवली आहेत. खोटं बोलणारं मीटर मी नुसत्या पाहण्यावरून ओळखते. त्यामुळे मला वाटलं होतं, दुपारभरात सगळं जोडून मोकळी होईन. पण ती मंडळी एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हती. दिव्यांची भाषा वेगळी, प्लगांची वेगळी, दाराचं चुंबक तर कोणाशीच बोलत नव्हतं.

“ताई, म्हणून तर हब लागतो,” भाऊ व्हिडिओवर म्हणाला. “एक वेगळं यंत्र. सगळे त्याला कळवतात आणि मग तो ठरवतो. फोनवर भागणार नाही, आई फोन घरीच विसरते. घरात कायम बसून राहणारा एक डेडिकेटेड हब पाहिजे.”

आईला हे माझ्याआधी कळलं. “म्हणजे आवक-जावकवाला बाबू,” ती म्हणाली. बाबांची अख्खी नोकरी आवक-जावक विभागात गेली. आलेला कागद डावीकडच्या रजिस्टरात, गेलेला उजवीकडच्या. “पण बाबू नीट पाहून घेजा. एकानं आवक जावकात लिहिली होती तर तुझ्या बाबांनी तीन महिने फाईल शोधली.”

तर बाबू नीट पाहून घेण्यासाठी मी आईला घेऊन एम. पी. नगरला गेले. कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत एक दुकान होतं, तिथं तीन हब मांडलेले. पहिला बोलका, गोल, बाईच्या आवाजाचा. दुसऱ्याला पडदा होता आणि त्यावर उगाचच एक सरोवर दिसत होतं. तलावांच्या गावात राहून मी सरोवर कशाला विकत घेऊ? तिसरा साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. बोलत नाही, ऐकत नाही, इंटरनेट गेलं तरी चालतो, आणि त्याच्यासोबत भिंतीला लावायचं एक बटण.

मला अर्थातच तिसरा आवडला. बोलणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास नाही, बोलणाऱ्या माणसांवरही जेमतेमच आहे. पण दुकानदारानं तोंड वाकडं केलं. “अरे मैडम, वो तो गूंगा है. माताजी अकेली रहती हैं, कोई बोलने वाला तो चाहिए घर में! ये वाला देखिए, मराठी भी समझता है.”

आईनं बोलका हब हातात घेतला, भांडं घेताना वाजवून बघतात तसा टिचकी मारून पाहिला आणि विचारलं, “काय करून राहिली गं?”

“माफ़ कीजिए, मैं समझी नहीं,” हब म्हणाला.

“पुण्याच्या नातवंडांसारखंच आहे,” आई म्हणाली. पण आवाज गोड होता, आणि कोणीतरी तिची माफी मागितली होती. बाबांनी अख्ख्या संसारात मागितली नव्हती. भावाचंही म्हणणं बोलकाच घ्या, कारण ती पडली तर नुसतं ओरडून मदत मागू शकेल. दोन विरुद्ध एक. बोलका आला.

तो हॉलमध्ये बाबांच्या फोटोखाली बसला. बाबूला साहेबांच्या खालीच जागा मिळते, असं आई म्हणाली. भावानं पुण्याहून सगळं जोडून दिलं. यंत्राला जागं करायला हाक मारायचा शब्द आईच्या लक्षात राहणार नाही म्हणून त्यानं त्या यंत्राला सतत ऐकत राहायला सांगितलं. मग दोन अवस्था ठरल्या, ‘घरी’ आणि ‘बाहेर’. बाहेर जाताना एक वाक्य बोलायचं, की दिवे-पंखे बंद आणि पहारा सुरू. परत आल्यावर दुसरं बोलायचं, की दिवे, पंखा, गीझर सुरू. घरी असताना तीन तास कोणीच हललं नाही, तर भावाला निरोप. कोणती वाक्यं चालतील याची तयार यादी यंत्रातच होती. ‘बाहेर’साठी: जाते, मी जाते, गेले. ‘घरी’साठी: आले, येते, पोचले. भावानं सगळ्यांवर खुणा केल्या आणि तो जेवायला गेला.

इथं मी सांगायला हवं, की भावानं ती यादी वाचली होती. मीही वाचली होती. आमच्यापैकी कोणालाही काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दूध आणायला निघाली. चप्पल घातली, दार उघडलं, फोटोकडे पाहून रोजच्यासारखं म्हणाली, “येते हं.”

घरातले सगळे दिवे लागले. पंखा सुरू झाला. न्हाणीघरात गीझर पाणी तापवू लागला. हब म्हणाला, “घर में आपका स्वागत है,” आणि आई पायऱ्या उतरून गेली.

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, हे मी मराठी वाचकाला काय सांगणार? ज्याला परत यायचं आहे तो ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणून निघणाऱ्याचं काही खरं नसतं. बँकेत निघालात तरी ‘येतो’, सहा महिन्यांसाठी विलायतेला निघालात तरी ‘येतो’. हे आईच्या इतकं हाडीमाशी होतं, की यंत्राची अडचण काय आहे हेच तिला कळेना. “मी रोज सांगून तर जाते. बरोबर सांगते की येते म्हणून,” ती म्हणायची. तिच्या परीनं ते बरोबरच होतं. मीटरवाल्या बाईच्या परीनं पाहिलं तर मात्र आई बाहेर पडली की घर दिवाळी साजरी करत होतं आणि विजेचं मीटर गरगर फिरत होतं.

आठवडाभर आम्ही याला यंत्राचा हट्ट समजत होतो. मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी आई भजनी मंडळाला गेली. निघताना ‘येते’ म्हणाली, फोन चार्जिंगला लावून तिथंच विसरली, आणि भजनानंतर कोणाकडे तरी जेवायलाही थांबली. घराच्या दृष्टीनं मात्र ती सकाळी साडेनऊला आली होती आणि तेव्हापासून हलली नव्हती. साडेबाराला भावाच्या फोनवर निरोप गेला: आई घरी आहे, हालचाल नाही.

भावानं आईला फोन लावला. फोन घरातच वाजत राहिला. मग त्यानं मला लावला, आणि मग आईच्या समोर राहणाऱ्या अंकलना. अंकल बँकेतून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे, मनानं फार चांगले आणि घाईचे. आईचं दार ओढलं की आपोआप लागतं, बाहेर कुलूप दिसत नाही; मी गाडी हाणत पोचले तोवर दारात बारा-पंधरा माणसं जमली होती, एक सुतार पटाशी घेऊन उभा होता, आणि अंकल खिडकीच्या जाळीला तोंड लावून ओरडत होते.

“काकूजी! ओ काकूजी! सुन रही हैं?”

आतून गोड आवाज आला, “जी, कहिए.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. “ज़िंदा हैं!” कोणीतरी म्हणालं.

“काकूजी, दरवाज़ा खोलिए!”

“माफ़ कीजिए, यह दरवाज़ा मैं नहीं खोल सकती.”

अंकल माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. “बेटा, होश में हैं, पर उठ नहीं पा रहीं. और आवाज़ भी बदल गई है.” मग पुन्हा जाळीशी जाऊन, लहान मुलाला विचारावं तसं, “काकूजी, मुझे पहचाना? मैं कौन हूँ?”

“माफ़ कीजिए, मैं आपको नहीं पहचानती.”

“दिमाग़ पे असर हो गया,” मागून एक बाई म्हणाल्या, आणि दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मला हा आवाज कोणाचा हे ठाऊक होतं. तरी त्या क्षणी, मी शपथेवर सांगते, मलाही वाटून गेलं की आईचं डोकं गेलं आणि ती एकदम शुद्ध हिंदी बोलायला लागली. मी तोंड उघडून सांगेपर्यंत सुतारानं कडीचा तुकडा पाडला होता.

नेमकी तेव्हाच आई गेटातून आत आली. खांद्याला झोळी, हातात प्रसादाची पुडी. एवढी गर्दी पाहून तिनं चप्पल बाहेरच काढली, पदर सावरला आणि हळू आवाजात अंकलना विचारलं, “कौन गया, भाईसाब?”

त्या संध्याकाळी फोनवर भावाचा आवाज चढला. चूक त्याचीही आहे हे कळल्यावर तो नेहमीच चढतो. “एक शब्द बदलायचाय, ताई. एक! आईला म्हणावं ‘जाते’ म्हण. ऐंशी वर्षांची सवय आहे मान्य, पण हा तिच्या राहण्याचा प्रश्न आहे.”

“तू ‘येते’ काढून दुसरीकडे टाक ना,” मी म्हटलं.

तेही करून पाहिलं. पण आई परत आली की फोटोपुढे जे बोलायची त्यातही ‘येते’ असायचं. ‘आले बरं का, आता चहा टाकून येते.’ मग घर लगेच बंद व्हायचं आणि ती अंधारात चहा टाकायची. दुसरे शब्द शोधले. ‘निघते’ म्हण म्हटलं, तर ती म्हणायची, “निघते मग, येते.” एका दमात दोन्ही. हब दोनदा उलटापालटा व्हायचा आणि गप्प बसायचा. हिंदीत ‘चलती हूँ’ म्हण, असं मी सुचवलं. “ते बाहेरच्यांना म्हणतात. तुझ्या बाबांना काहून म्हणू?” शेवटी मीच अक्कल पाजळली आणि तिला ‘बाहेर पडते’ म्हणायला शिकवलं. त्या गुरुवारनंतर अंकलचाही नंबर जोडून, ऐकताच मदत बोलवायच्या शब्दांच्या यादीत ‘पडले, पडते’ हे मीच घातलं होतं, हे मी विसरले होते. आईनं उंबरठ्यावर उभं राहून “बाहेर पडते” म्हटलं आणि हबनं एकाच वेळी भावाला, मला आणि अंकलना कळवलं की ती पडली. अंकल चप्पल न घालताच रस्ता ओलांडून आले. त्यांनी बोलावलेला सुतार मात्र या वेळी कडी शाबूत ठेवून गेला.

मी आईशी वाद घातला नाही असं नाही. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला ‘सांभाळून जा’ म्हणते. “आई, शब्दानं काय होतं? हवेची हालचाल आहे ती. दोनशे वीस व्होल्टला तू काय म्हणतेस ते कळत नाही.”

“मग तू म्हणत जा ना ‘जाते’.”

“मला कुठे गरज आहे?”

“मग झालं तर,” आई म्हणाली.

ऑक्टोबरात भावानं मुदत घातली. आठ दिवस. आठ दिवस आईनं नीट ‘जाते’ म्हटलं आणि यंत्र बरोबर चाललं तर ठीक, नाही तर भाऊबीजेला तो येईल आणि परतताना तिला घेऊन जाईल. दोन तिकिटं त्यानं काढूनही ठेवली. शिवाय नीट लक्ष ठेवता यावं म्हणून त्यानं आणखी एक सोय केली: आई ‘बाहेर’ झाली की आम्हा दोघांच्या फोनवर निरोप येईल. दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत त्यानं तो निरोप टाइप केला. मी पाहिला नाही. आईला मी फोनवर मुदत सांगितली. ती ‘बरं’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होते, कडी पुन्हा सैल झाली होती ती पाहत. आईला सांबार आणायचा होता. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबीर. तिनं पिशवी घेतली. चप्पल घातली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. फोटोकडे पाहिलं नाही. हबसमोर उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशी, दोन्ही हात बाजूला, पिशवी घट्ट धरलेली. आणि एकेक अक्षर सुटं करून, स्वच्छ पुणेरी उच्चारात म्हणाली,

“मी. जाते.”

“ठीक है. अपना ख़याल रखिए,” हब म्हणाला. पंखा थांबला. हॉलचा दिवा गेला. चार महिन्यांत पहिल्यांदा सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. आई माझ्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. त्या घरात मी जन्मभर ‘येते’ ऐकलं होतं. दुधाला, दवाखान्यात, माझ्या लग्नाच्या खरेदीला. आपल्याच घरात राहायची परवानगी मिळावी म्हणून माझी ऐंशी वर्षांची आई एका डब्यापुढे तोंडपाठ केलेलं म्हणून दाखवत होती, आणि मी कडी आवळत उभी होते. मला तिची कीव आली, माझा राग आला, आणि त्याहीपेक्षा जास्त, हे लिहायला लाज वाटते, मला भीती वाटली. साधी, अडाणी भीती.

तेवढ्यात फोन थरथरला. भावानं टाइप केलेला निरोप होता.

आई गेली.

मी अनवाणी धावले. पायऱ्या, गेट, गल्ली. सत्तावन्न वर्षांची स्वेच्छानिवृत्त सरकारी नोकर कोलार रोडच्या फुटपाथवरून चपलेशिवाय पळताना ज्यांनी पाहिली, त्यांनी काय समजायचं ते समजलं असेल. आई कोपऱ्यावरच्या हातगाडीशी उभी होती. जुडी नाकाशी नेऊन भाजीवाल्याला सांगत होती, “भैया, ये तो बासी है.” मी तिचा दंड धरला.

“काय झालं गं? चप्पल कुठे तुझी?”

मी दंड सोडला नाही. फोन पुन्हा वाजला, भाऊच होता. “ताई... ताई, आत्ता फोनवर...”

“ती सांबार घेते आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“कोथिंबीर. तुझा निरोप आहे तो. तूच लिहिलायस.”

पन्नाशीचा माणूस, हाताखाली चाळीस इंजिनिअर, आणि मीटिंगमधून उठून जिन्यात जाऊन रडत होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, “तू तिला तसं म्हणू का दिलंस?”

“तूच म्हणायला लावलंस!”

“मी लावलं म्हणून तू म्हणू द्यायचं?” तो ओरडला. “तिला दे फोन. आणि तिला म्हणावं, आधी परत घे. ते शब्द आधी परत घे म्हणावं.”

आईनं फोन कानाला लावला. “काय रे? आज मीटिंग नाही का?” तिनं ऐकून घेतलं, मान हलवली. “नाही रे बाप्पा, कुठे जाते. येतेच ना,” असं दोनतीनदा म्हणाली आणि फोन मला परत दिला. भाऊ म्हणाला, “तो मुका डबा घे. आजच. आणि तो बोलका काढून फेक.”

मुका डबा आता तिथं आहे. त्याचं बटण चपलांच्या फळीवर लावलं आहे. निघताना आई ते दाबते आणि तोंडानं फोटोला काय सांगायचं ते सांगते. डब्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. निरोप आता ‘बटण दाबलं’ एवढाच येतो.

पण त्या सकाळी आम्ही दोघी घरी आलो तेव्हा मी आधी बोलक्या हबची वायर भिंतीतून उपटली. आई पाहत होती.

“आता मग मला पुण्याला न्याल?”

“नाही,” मी म्हटलं. “तू इथंच राहायचंस.”

“त्याला विचारलं का?”

“नाही. मी सांगते आहे.”

आई खाली बसली, जुडी सोडली. “मग चार महिने काहून नाही बोलली?”

या प्रश्नाला मी कुठलंही तांत्रिक उत्तर देऊ शकले असते. पण मी खरं ते सांगितलं. “भीती वाटत होती. उद्या तुला काही झालं, तर ‘राहू दे तिला इथं’ असं मी म्हटलं होतं, हे माझ्यावर येईल.”

आईनं थोडा वेळ देठं खुडली. मग माझ्याकडे न पाहता, दुधाचा हिशोब सांगावा इतक्या सहज म्हणाली, “होईलच ना काहीतरी एक दिवस. ते तर होणारच आहे. तेव्हा सगळ्यांना माझं नाव सांगजो. आईनंच म्हटलं होतं म्हणजो.”

मग तिनं अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी तिच्याशेजारी बसून सांबार निवडायला लागले.